दहा पाकिटांना चार रोपं

हरळवाडीत खोटं बोलायचं असेल तर लोक मीटिंगला जातात आणि खरं बोलायचं असेल तर अंबुबाईच्या परड्यात. ही रीत कुणी ठरवून पाडलेली नाही. मीटिंगला खुर्च्या असतात आणि परड्यात शेणखताचा वास असतो, एवढाच फरक असेल. पण खुर्चीत बसलं की माणूस जरा फुगतोच.

गाव खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या रस्त्यावरून आत वळलं की लागणारं. सत्तर घरं, दोन देवळं, एक दूध डेअरी आणि दिवसातून तीनदा येणारी बस. अंबुबाईचं घर गावाच्या शेवटाला, आणि घरामागचं परडं घरापेक्षा मोठं. नवरा भावकू सुतार कामाला जायचा आणि अंबुबाई मिरचीची, वांग्याची रोपं करायची. सुगी आटोपली, भाताची शेतं रिकामी झाली, की निम्मा गाव तिच्याकडून रोपं न्यायचा आणि उरलेली ती खानापूरच्या बाजारात विकायची. शिक्षण चौथीपर्यंत. उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नव्हता. तिनं परड्यातून कोंबडीला हाकललं तर रस्त्यावरचा माणूसही बाजूला व्हायचा.

तर एका वर्षी तिच्या रोपांच्या प्लास्टिक पिशव्या संपल्या. बाजाराला जायला सवड नव्हती आणि मिरचीची रोपं तर मान वर काढून बसलेली. अंबुबाई बांधावर उभी राहून विचार करत होती, तेवढ्यात तिच्या पायाखाली काहीतरी चुरचुरलं. बघते तर नायंटीचं पाकीट. दारू पिऊन फेकून दिलेलं, तीन बोटं रुंद, जेमतेम अर्धी वीत उंच, बाहेरून कागद आणि आतून चंदेरी अस्तर. तिनं ते उचललं, कोयत्यानं वरचं तोंड उडवलं, बुडाला भोक पाडलं, माती भरली आणि रोप लावलं. पाकीट पावसात कुजेना, उन्हात फाटेना. रोप असं तरारलं की अंबुबाई स्वतःशीच म्हणाली, "पोटात गेलं की माणसाचं वाटुळं करतंय, पर मिरचीला मानवलं बघ."

मग तिनं गावातल्या बायकांना शब्द दिला, दहा पाकिटं आणा आणि चार रोपं फुकट न्या.

झालं! बायकांच्या हाताला काम आलं. गवताच्या गंजीतून, माळ्यावरच्या पोत्यामागून, धुवायला टाकलेल्या विजारीच्या खिशातून पाकिटं निघायला लागली. नवऱ्यानं सकाळी "मी कुठं घेतो?" म्हणावं आणि बायकोनं दुपारी पदराखाली सात पाकिटं घेऊन अंबुबाईचं परडं गाठावं. परड्यात आल्यावर लपवायचं कुणाला काही कारणच नव्हतं, उलट एखादी म्हणायची, "आक्का, सातच झाली. उद्या तीन हुतील, न्हाई तर परवा. तू चार रोपं बाजूला काढून ठेव."

पहिल्या वर्षी सगळी रोपं एकत्र लावली, तिथं भांडण पेटलं. शालूबाईचं म्हणणं, माझी वीस पाकिटं चांगली होती आणि मला पानं मुरडलेली रोपं आली. तेव्हापासून अंबुबाईनं प्रत्येक घराची ओळ वेगळी केली. ज्या घरची पाकिटं, त्या घरची ओळ. लिहिण्यावाचण्याचा तिला कंटाळा, म्हणून ओळीच्या डोक्याला त्या घराची खूण रोवायची. शालूबाईची मोडकी फणी, डेअरीवाल्याच्या घरचं दुधाच्या किटलीचं झाकण, पुजाऱ्याच्या घरची फुटकी घंटा. ओळ तुळशीपासून सुरू व्हायची आणि जितकी पाकिटं तितकी लांब जायची. लांब ओळ कुणाची आणि आखूड कुणाची हे परड्यात पाऊल टाकलं की दिसायचं. आणि गेली कितीतरी वर्षं सगळ्यांत लांब ओळ असायची तिच्या स्वतःच्या घरची. त्या ओळीच्या डोक्याला भावकूची सुतारकामाची पेन्सिल खोवलेली असायची. त्या ओळीतली रोपं ती कुणाला फुकट द्यायची नाही. ती विकायची, आणि विकताना तिच्या आवाजाला नेहमीची धार नसायची.

आता आघाडीची गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी बेळगावच्या एका संस्थेनं गाव निवडलं आणि 'नशामुक्त हरळवाडी आघाडी' उभी राहिली. देवस्थान कमिटी, डेअरी, महिला मंडळ, भजनी मंडळ, युवक मंडळ, क्रिकेटची टीम, शाळेचे माजी विद्यार्थी, सगळे मिळून एक्केचाळीस सदस्य. अध्यक्ष मारुतीराव. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, त्यातलं एक चालतं. पहिल्या तीन मीटिंगा बॅनरवर वर कुठली भाषा आणि खाली कुठली यावर गेल्या. शेवटी तोडगा निघाला की गावात शिरताना मराठी दिसावं आणि गावातून बाहेर पडताना कानडी, म्हणजे दोन्ही भाषांचा मान राहील आणि रंगाऱ्याचंही भलं होईल.

पण काहीच झालं नाही असं म्हणणं पापाचं ठरेल. गावात दोन ठिकाणी चोरून पाकिटं मिळायची. महिला मंडळाच्या बायका तांदूळ निवडायची सुपं घेऊन त्या दोन्ही दारांत जाऊन बसल्या. भांडण नाही, घोषणा नाही, नुसतं तांदूळ निवडणं. तीन दिवस दारातलं सूप काही हललं नाही, आणि बायकांच्या मांड्या ओलांडून पाकीट घ्यायला जाण्याची छाती एकाही गड्याला झाली नाही. दोन्ही ठिकाणं बंद पडली. नंतर पाकीट पाहिजे असेल तर मोठ्या रस्त्यापर्यंत चालावं लागे, आणि चालायचा कंटाळा हा गावाचा सगळ्यांत जुना गुण.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे गोपाळ सर. संस्थेनं पाठवलेले, बेळगावच्या शहापुरातले, शाळेत क्लार्क होते, निवृत्त झालेले. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत स्वतः पीत होते आणि हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचे. दर गुरुवारी साडेचारच्या बसनं यायचे आणि साडेसहाच्या बसनं जायचे. मधले दोन तास बस थांब्याच्या शेडमध्ये पत्ते. उपदेश नाही, शपथा नाही, फक्त गुलामचोर. पिणारे गडी पहिल्यांदा पत्त्यांसाठी आले, मग सरांसाठी यायला लागले. डाव पडता पडता कोण कधी घसरला, कुणाचे हात सकाळी थरथरतात, हे हळूच बाहेर पडायचं. सर मान डोलवायचे आणि पुढचा पत्ता ओढायचे.

भावकू गुरुवारी दाढी करायला लागला, तेव्हा अंबुबाईला पहिल्यांदा भीती वाटली. भीती अशी, की हे टिकलं नाही तर? आशा लावून घ्यायची आणि ती मोडायची, यापेक्षा आशा नसलेली बरी असं तिला कैकदा वाटलं होतं. पण गुरुवारामागून गुरुवार गेले. ओळ आखूड होत गेली.

डिसेंबरात एके दिवशी दुपारी मारुतीराव परड्यात आले. नात्यानं ते भावकूचे चुलत थोरले भाऊ, म्हणून अंबुबाईनं पदर सावरला.

"अंबू, परवा मूल्यमापन हाय."

"ते काय आसतंय, भावजी?"

"बेळगावास्नं म्याडम येणार. आपलं गाव किती सुधारलं ते मोजणार."

"मग मोजू द्या की."

"मोजू द्यायचं, पर बघू द्यायचं न्हाई." मारुतीरावांनी वाफ्यांकडे बोट केलं. "हे काय मांडून ठेवलीयास तू? गावाची अब्रू हाय ही. परवा ह्यावर काय तरी झाक. घरोघरी निरोप दिलाय, म्याडमनं इचारलं की न्हाई म्हणायचं. फलक रंगवून तयार हाय, 'व्यसनमुक्त गाव'. एकदा शिक्का बसला की झालं, संस्था पुढच्या गावाला जाती."

अंबुबाई झारी खाली ठेवून म्हणाली, "आणि गोपाळ सर?"

"त्येबी जाणार की. सुधारलेल्या गावात त्यांचं काय काम?"

मारुतीराव गेले. अंबुबाईनं झारी पुन्हा उचलली. गुरुवार गेला तर भावकू जाणार, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दसऱ्याच्या दिवशी तो एकदा घसरला होता. सोनं वाटायला म्हणून गेला आणि तोंड चुकवत परत आला. पण पुढच्या गुरुवारी त्यानं पत्ते हातात घ्यायच्या आधी सरांना सगळ्यांसमोर सांगितलं, आणि सर म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, आता पत्ते वाट." एवढ्या दोन वाक्यांवर तिचा संसार उभा होता. त्या वाक्यांना दर आठवड्याला साडेचारच्या बसनं यावं लागत होतं. फलक काही गुलामचोर खेळायला बसणार नव्हता.

थोरल्या दिराचा शब्द मोडायचा नाही आणि गुरुवारही सोडायचा नाही. अंबुबाईनं दोन दिवस डोकं चालवलं आणि ठरलेल्या सकाळी आपल्या सगळ्या जुन्या साड्या वाफ्यांवर अंथरल्या.

म्याडम म्हणजे दिपाली. वय असेल सव्वीस-सत्तावीस, खांद्याला पिशवी, हातात टॅब, टॅबमध्ये बेचाळीस प्रश्न. सकाळी नऊपासून ती घरोघर फिरत होती आणि मारुतीराव तिच्यासोबत.

पहिल्या घरात "कुणी मद्यपान करतं का?" असं विचारल्यावर आतून एका पुरुषाचा आवाज आला, "मी घरात न्हाई म्हणून सांग." दुसऱ्या घरातल्या म्हातारीनं "दारू म्हंजे काय गं बाई?" असं इतक्या निरागसपणे विचारलं की दिपालीला सांगायचीच लाज वाटली. म्हातारीची खाट ज्या पायाकडून डुगडुगत होती तिथं चार नायंटीची पाकिटं घडी करून घातलेली होती, ती मारुतीरावांनी धोतराच्या सोग्यानं झाकली. शालूबाईनं तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच नाही म्हणून टाकलं आणि तो प्रश्न होता, "घरात पिण्याच्या पाण्याची सोय आहे का?"

तीन वाजेपर्यंत एकोणसत्तर घरं झाली. पिणारे शून्य. पूर्वी पिणारेसुद्धा शून्य. म्हणजे टॅबच्या हिशोबानं या गावात दारू कधी आलीच नव्हती आणि आघाडीनं तीन वर्षं न आलेल्या दारूला हाकलून लावलं होतं. दिपाली दमली होती. काहीतरी चुकतंय हे तिला कळत होतं, पण 'काहीतरी चुकतंय' असा पर्याय त्या प्रश्नांत नव्हता.

सत्तरावं घर अंबुबाईचं. ओसरीवर मारुतीरावांना बसवून अंबुबाईनं चहा दिला.

"घरात कुणी मद्यपान करतं का?"

मारुतीरावांनी बशीवरून डोळे वर केले. अंबुबाई म्हणाली, "आज न्हाई."

"आज नाही म्हणजे?"

"आज गुरुवार न्हवं?"

याला टॅबमध्ये जागा नव्हती. दिपालीनं 'नाही' दाबलं, उसासा टाकला, पिशवी उचलली आणि उठली.

"थांबा की म्याडम," अंबुबाई म्हणाली. "माझ्या दारातनं लेक रिकाम्या हातानं गेली तर गाव मला नावं ठेवील. मिरची लावतासा का घरात?"

"गच्चीवर कुंड्या आहेत आईच्या..."

"झालं तर!" म्हणत अंबुबाई मागं गेली आणि हातात एक तरतरीत रोप घेऊन आली. हळदीकुंकू लावलं आणि रोप दिपालीच्या ओंजळीत ठेवलं.

आता घरी आलेल्या लेकीच्या हातावर काही ठेवू नको, असं कुठला दीर म्हणणार? मारुतीरावांच्या घशात चहा अडकला, तेवढंच.

दिपालीनं रोप नाकाजवळ नेलं. मग तिची नजर पानांवरून खाली उतरली. पाकिटावर कानडी अक्षरं, खाली नव्वद मिलीचा आकडा आणि त्याखाली छापलेली तारीख, याच ऑक्टोबरची. तिनं पाकीट फिरवून पुन्हा वाचलं.

"मावशी, अशी आणखी किती आहेत?"

"मला दावू नको म्हटलंया," अंबुबाई अगदी गरीब तोंड करून म्हणाली. "म्या काय दावणार न्हाई. पर पाणी घालायची येळ झाली. साड्या काढल्याबिगार पाणी कसं घालू, तुमीच सांगा?"

आणि झारी उचलून ती परड्यात गेली. दिपाली तिच्यामागं.

एकेक साडी निघाली तशी एकेक ओळ उघडी पडली. फणी, किटलीचं झाकण, घंटा, बिनपट्ट्याचं घड्याळ. दिपाली वाकून तारखा वाचत होती, ओळी मोजत होती, आणि अंबुबाई पाणी घालता घालता सांगत होती, कुणाच्या घरी गेल्या साली किती आणि औंदा किती. बेचाळीस प्रश्नांना दिवसभर न मिळालेलं उत्तर मिरचीच्या रोपांनी अर्ध्या तासात दिलं.

"मावशी, ओळी इथंच का थांबल्या? पुढं तर मेथी आहे."

"गेल्या साली ह्या वळी पार विहिरीपतोर जायच्या. औंदा पाकिटंच आली न्हाईत. निम्मं परडं मोकळं पडलं, मग मेथी टाकली. रिकामी जमीन बघवत न्हाई मला."

दिपालीनं तिथून विहिरीपर्यंत पावलं टाकून मेथी मोजली. मग ओळी पुन्हा बघत म्हणाली, "आणि मारुतीरावांची ओळ कुठली?"

"त्येंची न्हाई. थोरली माणसं बाटलीतनं घेत्यात. बाटलीत रोप जगत न्हाई, बाई."

मागच्या दारात मारुतीराव येऊन उभे राहिले आहेत, हे अंबुबाईला दिसलं नव्हतं असं ती आजही शपथेवर सांगते. मारुतीरावांनी ताबडतोब फणसाच्या झाडाकडे पाहिलं. डिसेंबरात फणसाला बघण्यासारखं काही नसतं, तरी ते बघत राहिले.

सगळ्यांत शेवटी तुळशीला लागून एक खूण होती. पत्त्यातला गुलाम, प्लास्टिकच्या पिशवीत घालून काठीला बांधलेला. गुलामचोर खेळताना डावातून काढून ठेवतात तो. त्याच्या पुढं एकच रोप.

"ही कुणाची?"

"आमची," अंबुबाई म्हणाली. झारीतलं पाणी संपलं होतं, तरी तिनं ती वाकडीच धरून ठेवली. "पेन्सिल काढली आणि हा गुलाम रोवला. गेल्या साली सेहेचाळीस हुती. औंदा एक. दसऱ्याला घसरले. चुलीत घातलं असतं तर कुणाला कळलं असतं? पर मग तुमी फलक लावला असता, आणि सर गेले असते. ते गेले की ही वळ परत विहिरीला जाती, बाई. लावू नगासा फलक. अजून आमी तेवढं सुधारलो न्हाई."

इतकं बोलून तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला, म्हणून तिनं उगाचच कोंबडीला हाकललं.

जानेवारीत अहवाल आला. मद्यपान निम्म्यानं घटलं आहे, काम खरं आहे, पण अपुरं आहे, गुरुवार आणखी एक वर्ष चालू ठेवावेत. मेथीसाठी टॅबमध्ये रकाना नव्हता, म्हणून दिपालीनं ती 'इतर'मध्ये लिहिली होती. गावाला फलक मिळाला नाही. मारुतीराव आठ दिवस फुगून होते, पण अंबुबाईला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि बोलले नाहीत यातच शहाणपण होतं. पुढं एका गुरुवारी ते शेडकडे सहज म्हणून आले, सहज म्हणून बसले आणि लागोपाठ तीन वेळा गुलामासकट अडकले. रंगवलेला फलक पडूनच होता. तो चार विटांवर पालथा ठेवला, पत्ते खेळायला सोयीचा झाला.

वर्ष गेलं. पुन्हा डिसेंबर आला. भावकू कामावरून येऊन परड्यात हातपाय धूत होता, तेव्हा त्याची नजर वाफ्यांवर गेली. फणी होती, घंटा होती. गुलाम कुठं दिसेना. त्यानं तुळशीच्या ह्या अंगाला पाहिलं, त्या अंगाला पाहिलं.

"औंदा आपली वळ दिसंना गं," तो भीत भीत म्हणाला.

अंबुबाईनं झारी खाली ठेवली नाही की मान वर केली नाही.

"दुपारी भाकरीसंगं काय खाल्लासा?"

"मेथी."

"तीच."